खोडवा आणि कलम : 'चिअर्स' व 'फ्रेझर' या दोन विनोदी मालिकांविषयी

दूरचित्रवाणीवरची एखादी विनोदी मालिका लोकांच्या मनात घर करते, दहा-अकरा वर्षे चालते आणि मग संपते. तिचा निरोप घेणे प्रेक्षकांना जड जाते आणि वाहिनीला त्याहून जड जाते. अशा वेळी त्या मालिकेतले एखादे पात्र उचलून त्याच्याभोवती नवी मालिका रचण्याची रीत अमेरिकेत जुनी आहे. इंग्रजीत अशा मालिकेला 'स्पिन-ऑफ' म्हणतात. मराठीत तिला अजून रुळलेला शब्द नाही. 'उपमालिका' म्हटले तर ती मूळ मालिकेपेक्षा दुय्यम वाटते. 'उत्तरमालिका' म्हटले तर त्याच कथेचा पुढचा भाग असा समज होतो.

मी बेळगावकडच्या उसाच्या मुलखातला. त्यामुळे मला येथे शेतातले दोन शब्द सुचतात. ऊस तुटून गेल्यावर जमिनीत राहिलेल्या बुडख्यांना पुन्हा फुटवे येतात. त्या पिकाला खोडवा म्हणतात आणि त्याच्या पुढच्या पिकाला निडवा. नवी लागण करावी लागत नाही, बेण्याचा खर्च वाचतो. पण बुडखा जुनाच असल्यामुळे उत्पन्न हळूहळू घटत जाते. कलमाची रीत निराळी. चांगल्या आंब्याची काडी काढून ती दुसऱ्या रोपाच्या खुंटावर बांधतात. फळ काडीच्या जातीचे येते, पण जमिनीतून पाणी ओढणारी मुळे नव्या खुंटाची असतात. कलम जगायचे तर काडी जातिवंत हवी आणि खुंटही जोमदार हवा.

एका पात्रावरून निघालेल्या मालिकांना हीच कसोटी लावता येते असे मला वाटते. ज्या मालिकेने नवा खुंट शोधला ती जगली. जिने नुसती काडी मातीत खोचली ती वाळली. हे सर्वांत स्पष्ट दिसते ते 'चिअर्स' आणि तिच्यातून निघालेली 'फ्रेझर' या जोडीत. दोन्ही मालिका एनबीसी या अमेरिकी वाहिनीवरच्या आणि दोन्ही अकरा-अकरा वर्षे चाललेल्या. मी त्या फार उशिरा, एकीमागून एक अशा पाहिल्या. त्यामुळे एकच माणूस दोन वेगळ्या संगतींत कसा बदलतो हे मला सलग पाहायला मिळाले.

मूळ झाड

'चिअर्स' ३० सप्टेंबर १९८२ रोजी सुरू झाली आणि २० मे १९९३ रोजी संपली. ग्लेन चार्ल्स, लेस चार्ल्स आणि जेम्स बरोज हे तिचे जनक. बॉस्टन शहरातल्या 'चिअर्स' नावाच्या एका तळघरातल्या बारमध्ये जवळजवळ सगळी कथा घडते. बारचा मालक सॅम मलोन हा एके काळचा बेसबॉल खेळाडू. दारूपायी त्याची कारकीर्द बुडाली. आता तो स्वतः दारूला शिवत नाही आणि दुसऱ्यांना मात्र पाजतो. तेथे फटकळ वेटर कार्ला आहे, बहुतेक काळ बेकार असलेला हिशेबनीस नॉर्म आहे आणि जगातल्या प्रत्येक विषयावर चुकीची माहिती ठामपणे सांगणारा टपालवाला क्लिफ आहे. नॉर्म दारातून आत आला की सगळे एका सुरात त्याचे नाव घेऊन ओरडतात. मालिकेचे सारे मर्म त्या ओरडण्यात आहे. घरी ज्याची कोणी वाट पाहत नाही किंवा ज्याला घरी जावेसे वाटत नाही, अशा माणसाला नावाने ओळखणारी ही जागा आहे. आपल्याकडे पार किंवा कट्टा जे काम करी, ते येथे बार करतो.

सुरुवातीला मालिकेला प्रेक्षक फारच थोडे होते. पहिल्या वर्षी ती लोकप्रियतेच्या यादीत अगदी तळाला होती. वाहिनीने धीर धरला म्हणून ती टिकली. सॅम आणि डायअॅन चेंबर्स यांच्या भांडखोर प्रेमाने तिला पहिली पाच वर्षे पेलले. डायअॅन शिकलेली, पुस्तकी आणि जिभेने धारदार. १९८४मध्ये तिसऱ्या पर्वाच्या आरंभी डायअॅनचा नवा मित्र म्हणून एक मानसोपचारतज्ज्ञ मालिकेत आला. त्याचे नाव डॉ. फ्रेझर क्रेन आणि नट केल्सी ग्रॅमर. हे पात्र मुळात मोजक्या भागांसाठी योजले होते. डायअॅनने त्याला लग्नाच्या वेदीपर्यंत नेऊन सोडले, पण बारने सोडले नाही. पुढे लिलिथ नावाच्या थंड चेहऱ्याच्या मानसोपचारतज्ज्ञ बाईशी त्याचे लग्न झाले आणि फ्रेडरिक हा मुलगा झाला. मालिका संपता संपता संसारही मोडकळीस आला.

बारमधला पंडित

'चिअर्स'मध्ये फ्रेझर विनोदी का वाटतो? त्याच्या भाषेमुळे, आणि त्याहून अधिक ती भाषा कोणासमोर बोलली जाते यामुळे. लांबलचक वाक्ये, लॅटिन मुळाचे शब्द, मधेच फ्रॉईड. समोर टपालवाला, बेकार हिशेबनीस आणि खेड्यातून आलेला भोळा वुडी. एका भागात तो या मंडळींना डिकन्सची 'अ टेल ऑफ टू सिटीज' वाचून दाखवतो आणि त्यांचे लक्ष उडू नये म्हणून पदरचे मारधाडीचे प्रसंग घालतो. तेथे विनोद डिकन्समध्ये नाही, फ्रेझरमध्ये नाही आणि श्रोत्यांतही नाही. त्यांच्यामधल्या अंतरात आहे. हा माणूस इतका शिकलेला, आणि तरी रोज संध्याकाळी याच मंडळींत येऊन बसतो, कारण त्यालाही दुसरीकडे कोणी नावाने हाक मारत नाही.

हे ध्यानात घेतले तर पुढची अडचण कळते. पात्र उचलून नेता येते; पण हे अंतर उचलून नेता येत नाही. ते बारमध्येच राहते.

याची साक्ष 'चिअर्स'च्याच घरात होती. १९८७मध्ये या मालिकेतून 'द टॉर्टेलीज' ही पहिली फांदी निघाली होती. कार्लाचा पहिला नवरा निक हा लबाड, अस्वच्छ आणि निर्लज्ज माणूस. 'चिअर्स'मध्ये तो अधूनमधून येई, गोंधळ घाली आणि जाई, आणि त्याला पाहून कार्लाचा जो संताप होई त्यावर प्रसंग रंगे. नव्या मालिकेत निकला लास व्हेगासला नेले आणि रोजचा नायक केले. त्याच्या निर्लज्जपणाला ज्या संतापाची धार होती तो संताप बॉस्टनलाच राहिला. मालिका १३ भागांत आटोपली.

नवा खुंट

'फ्रेझर' १६ सप्टेंबर १९९३ रोजी, म्हणजे 'चिअर्स' संपल्यानंतर चार महिन्यांच्या आत सुरू झाली. डेव्हिड एंजेल, पीटर केसी आणि डेव्हिड ली हे तिचे कर्ते. तिघांनीही 'चिअर्स'वर काम केलेले होते. जुन्या झाडाची त्यांना पुरी ओळख होती. म्हणूनच त्यांनी त्याच्यापासून शक्य तेवढे दूर जायचे ठरवले. फ्रेझरला त्यांनी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून पश्चिमेच्या टोकाला, सिअॅटलला नेले. एवढ्या अंतरावर जुन्या मंडळींना वरचेवर पाहुणे म्हणून आणता येणार नव्हते. दवाखान्याऐवजी त्याला रेडिओवरचा सल्लागार केले. बार गेला आणि त्याच्या जागी कॉफीचे दुकान व उंच इमारतीतले झुळझुळीत घर आले.

पण खरा खुंट म्हणजे त्याचे नवे कुटुंब. वडील मार्टिन हे निवृत्त पोलीस. गोळी लागून कंबर अधू झाल्यामुळे एकटे राहू शकत नाहीत, म्हणून मुलाच्या घरी येतात. त्यांच्याबरोबर फ्रेझरकडे टक लावून बसणारा एडी हा कुत्रा येतो. त्यांची काळजी घेण्यासाठी मँचेस्टरची डॅफ्नी येते. धाकटा भाऊ नाइल्स तर रोजच येतो. तोही मानसोपचारतज्ज्ञ आहे, फ्रेझरपेक्षा अधिक चोखंदळ, अधिक नाजूक आणि अधिक पुस्तकी. हा भाऊ मूळ आराखड्यात नव्हता. डेव्हिड हाइड पिअर्स या नटाचे तरुण ग्रॅमरशी असलेले साम्य पाहून तो निर्माण झाला.

नाइल्समुळे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. बारमध्ये फ्रेझर हा सर्वांत पंडित होता. येथे त्याच्याहून मोठा पंडित घरातच बसला. त्यामुळे फ्रेझर मधोमध आला : एका बाजूला नाइल्स, दुसऱ्या बाजूला बिअर पीत बेसबॉल पाहणारे वडील. भावाशेजारी तो बराच जमिनीवरचा वाटतो आणि वडिलांशेजारी हवेतला. त्याची भाषा बदललेली नाही. तिचे स्थान बदलले आहे. गंमत अशी की मार्टिन हे पुष्कळसे 'चिअर्स'च्या बाकावर शोभले असते असे गृहस्थ आहेत. म्हणजे बारमधले ते अंतर कर्त्यांनी टाकून दिले नाही. ते त्यांनी बाप-लेकांच्या मध्ये आणून ठेवले. बारमधून माणूस रुसून घरी जाऊ शकतो. बापावर रुसून जायचे कोठे? येथे घरच ते आहे.

पहिल्याच भागात हे सारे एका खुर्चीत सामावले आहे. फ्रेझरने आपली बैठक मोठ्या हौसेने, नामवंत रचनाकारांच्या वस्तूंनी सजवली आहे. तेथे मार्टिनची जुनी, रंग उडालेली, चिकटपट्टी लावलेली आरामखुर्ची येऊन मधोमध बसते आणि पुढे अकरा वर्षे हलत नाही. त्या भागाच्या शेवटी बाप-लेकांचे कडाक्याचे भांडण होते. मग मार्टिन रेडिओच्या कार्यक्रमात साध्या श्रोत्यासारखा फोन लावतो आणि मुलाबरोबर राहताना काय अडते ते मुलालाच सल्लागार म्हणून सांगतो. 'मी ऐकतो आहे' हे फ्रेझरचे कार्यक्रमातले नेहमीचे वाक्य. अनोळखी माणसांचे ऐकणे हा त्याचा धंदा; घरातल्या माणसाचे ऐकण्यासाठी त्याला मध्ये टेलिफोनची तार लागते. हा विषय 'चिअर्स'मध्ये नव्हता आणि तेथे असूही शकला नसता.

विनोदाची जात

शाळेत आपण विनोदाचे तीन प्रकार शिकतो : शब्दनिष्ठ, प्रसंगनिष्ठ आणि स्वभावनिष्ठ. 'चिअर्स'चा मुख्य आधार स्वभाव आणि शब्द. माणसे बाकावर बसून असतात, वाक्याला वाक्य लागते, टोला येतो, प्रतिटोला जातो. 'फ्रेझर'ने स्वभाव आणि शब्द ठेवलेच, पण त्यात प्रसंगाची भर घातली. ती इतकी की तिचे उत्तम भाग म्हणजे रंगमंचावरचे अस्सल फार्स आहेत. बबन प्रभूंची 'झोपी गेलेला जागा झाला' किंवा 'दिनूच्या सासूबाई राधाबाई' ज्यांनी पाहिली आहेत त्यांना हे तंत्र अनोळखी वाटणार नाही : पुष्कळ दारे, एक गैरसमज आणि तो टिकवण्यासाठी बोलावी लागणारी एकावर एक खोटी वाक्ये.

१९९८मधला 'द स्की लॉज' हा भाग याचा नमुना आहे. बर्फातल्या एका घरात सगळी मंडळी सुट्टीला जातात. फ्रेझरचे मन डॅफ्नीच्या मैत्रिणीवर, मैत्रिणीचे नाइल्सवर, नाइल्सचे डॅफ्नीवर, डॅफ्नीचे तेथल्या तरुण शिक्षकावर आणि त्या शिक्षकाचे नाइल्सवर. मार्टिनला त्या दिवशी नीट ऐकू येत नाही, त्यामुळे निरोप उलटसुलट पोचतात. रात्रभर दारे उघडतात आणि मिटतात. शेवटी हिशेब लागतो तेव्हा फ्रेझरच्या ध्यानात येते की या साऱ्या साखळीत आपल्या मागे कोणीच नव्हते. हसू येते आणि त्याच क्षणी त्या माणसाचा एकटेपणाही दिसतो. प्रसंगातून निघालेला विनोद अखेर स्वभावापाशी येऊन थांबतो, हे या मालिकेचे बलस्थान.

जुन्याशी हिशेब

नवी मुळे धरताना जुन्याशी विसंगती येतेच. 'चिअर्स'मध्ये फ्रेझरने आपले वडील वारले असल्याचे आणि ते संशोधक असल्याचे सांगितले होते. भावाचा तर उल्लेखच नव्हता. १९९५मध्ये सॅम मलोन सिअॅटलला पाहुणा म्हणून आला तेव्हा कर्त्यांनी ही गाठ उघडपणे सोडवली. सॅम जिवंत वडिलांना पाहून चकित होतो आणि फ्रेझर कबूल करतो की तेव्हा वडिलांशी भांडण झाले होते म्हणून तसे सांगितले. मार्टिनच्या चेहऱ्यावर ते उमटते. रचनेतली चूक अशी नात्यातल्या दुखण्यात बदलली. पोलिसाचा मुलगा असल्याची लाज वाटून बॉस्टनच्या सुशिक्षितांत त्याने संशोधक बाप उभा केला असेल, असेही प्रेक्षकाला वाटून जाते. त्यानंतर 'चिअर्स'मधले ते जुने भागही वेगळे दिसू लागतात.

जुनी पात्रे पुढेही आली : डायअॅन आली, वुडी आला, लिलिथ तर वरचेवर आली. २००२मध्ये फ्रेझर बॉस्टनला गेला तेव्हा नॉर्म, क्लिफ आणि कार्लाही भेटले. पण ही सगळी पाहुण्यांसारखी आली आणि गेली. त्यांच्यावाचून मालिकेचे अडले नाही. लागोपाठ पाच वर्षे, १९९४ ते १९९८, सर्वोत्कृष्ट विनोदी मालिकेचा एमी पुरस्कार तिला मिळाला आणि १३ मे २००४ रोजी ती संपली; तिला मिळालेल्या एमींची एकूण संख्या ३७ आहे.

तर मग 'फ्रेझर' मूळ मालिकेपेक्षा सरस म्हणावी का? मी तसे म्हणणार नाही. 'चिअर्स'चे दार रस्त्यावर उघडते. तेथे कामगार, बेकार, टपालवाला, खेळाडू, प्राध्यापकी थाटाची बाई असे सगळे एका पातळीच्या बाकांवर बसतात. 'फ्रेझर'चे घर एकोणिसाव्या मजल्यावर आहे. तेथे येण्याला आमंत्रण लागते. कष्टकऱ्यांचे जग तेथे मुख्यतः मार्टिन, डॅफ्नी आणि रेडिओ केंद्रावरची रॉझ यांच्यापुरते शिल्लक राहते. शिवाय नाइल्सचे डॅफ्नीवरचे मूक प्रेम सात वर्षे ताणून धरले आणि २०००मध्ये ते जुळल्यावर मालिकेची एक तार सैल झाली. डायअॅन १९८७मध्ये गेल्यावर 'चिअर्स'ला मात्र त्या बाकांनी सावरून धरले. एका जोडीवर न विसंबणारी गर्दी तिच्यापाशी होती.

वाळलेली काडी आणि खोडवा

'फ्रेझर' संपली त्याच वर्षी, त्याच वाहिनीवर 'फ्रेंड्स'ही संपली आणि सप्टेंबर २००४मध्ये तिच्यातला जोई स्वतःची मालिका घेऊन आला. तोही गाव बदलून न्यू यॉर्कहून लॉस एंजेलिसला गेला. त्यालाही बहीण आणि भाचा असे नातलग दिले. वरवर पाहता कृती तीच. पण सहा मित्रांत जोईचा भोळेपणा हा एक सूर होता. बाकीचे पाच जण त्याला सांभाळत, चिडवत आणि त्याच्यावर जीव टाकत. नव्या घरात त्याच्या भोळेपणाला वेगळे काम मिळाले नाही. जे तो आधी करत होता तेच करत राहिला, आणि त्यावर हसणारे आपले मित्र तेवढे नव्हते. भोळेपणा नुसता मंदपणा दिसू लागला. दोन वर्षांत मालिका बंद पडली. म्हणजे नातलग जोडणे पुरेसे नाही. नव्या माणसांनी जुन्या माणसाला अडवले पाहिजे, त्याच्याकडे नवे काहीतरी मागितले पाहिजे.

खोडव्याचे उदाहरणही फ्रेझरच्याच नशिबी आले. ऑक्टोबर २०२३मध्ये पॅरामाउंट प्लसवर तो पुन्हा अवतरला. म्हातारा होऊन, बॉस्टनला परतून, हार्वर्डमध्ये शिकवू लागलेला. मार्टिनचे काम करणारे जॉन महोनी २०१८मध्ये वारले होते, आणि नाइल्स परत आला नाही. मुलगा फ्रेडी शिक्षण सोडून अग्निशामक दलात गेलेला. आता फ्रेझर स्वतः बापाच्या जागी आणि न जुळणारा मुलगा समोर. कल्पना सुरेख होती आणि काही प्रसंगांत ती चांगली उतरली. तेथल्या बारला महोनींचे नाव दिले, तेही मनाला लागते. पण बुडखा जुना होता. पुष्कळ ठिकाणी नवी माणसे जुन्या माणसांच्या जागा भरण्यासाठी उभी केलेली वाटतात. दोन पर्वे, वीस भाग, आणि २०२५च्या आरंभी ती थांबवली.

आपल्या संदर्भात

या सगळ्यातून मला एक गोष्ट हाती लागते. आवडते पात्र म्हणून आपण ज्याला ओळखतो ते एका नात्याचे एक टोक असते. चि. वि. जोशी बडोद्यात पाली शिकवत आणि चिमणराव लिहीत. पुढे मुंबई दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांनी चिमणराव-गुंड्याभाऊंची जोडी घरोघरी नेली. त्यातला गुंड्याभाऊ एकटा उचलून त्याची मालिका करायची म्हटली, तर पहिला प्रश्न येईल तो हा की तो दंड थोपटणार कोणासमोर? चिमणरावांचा भित्रेपणा शेजारी नसेल तर गुंड्याभाऊंचा दणकटपणा नुसता दणकटपणा उरेल. ती मालिका करणाऱ्याने आधी चिमणरावांच्या तोडीचा दुसरा कोणी शोधायला हवा, आणि तो चिमणरावांसारखा नसलेलाच हवा.

फ्रेझरच्या भाषेचे जे झाले ते आपल्या मुलखांतल्या मराठीलाही ओळखीचे आहे. बेळगावात आम्ही जे बोलतो ते घरी साधे बोलणे असते; तेच पुण्यात गेलो की 'बेळगावी' होते. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे किंवा हैदराबादच्या वाचकांना याचे आपापले अनुभव असतील. शब्द तेच, संगत बदलली की त्यांचे वजन बदलते. पिढ्यान्‌पिढ्या मूळ गावापासून लांब राहिलेल्या घरांपुढे खोडवा की कलम हा प्रश्न मालिकांच्या आधीपासून आहे. जुन्या आठवणींचे फुटवे काही हंगाम पीक देतात. त्यानंतर मात्र शेजारच्या कन्नड, गुजराती, हिंदी, तेलुगू किंवा कोंकणीच्या खुंटावर बांधलेली काडीच धरते, आणि फळ आपल्याच जातीचे येते. म्हणून 'स्पिन-ऑफ'साठी मी 'कलममालिका' हा शब्द सुचवतो. मूळ झाड आणि नवा खुंट या दोघांचेही ऋण त्यात सांगितले जाते. तो रुळेल की नाही ते बोलणारे ठरवतील.